साच्याचा कोपरा

माझा स्वभाव तिखट आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला आमच्या ह्यांना विचारायला नको. त्यांना विचारलंत तर ते नुसते हसतील, आणि ते मला जास्त लागेल. एकतीस वर्षं मी भट्टीसमोर उभी आहे. गल्लीतले सगळे कारखानेवाले मला भट्टीवाल्या काकू म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील, पण माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्याने म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

आमचं काम असं की लोक पोलादाच्या वस्तू घडवतात, कातरीची पाती, गिअर, साचे, आणि त्या कडक करायला आमच्याकडे आणतात. आम्ही त्या तापवतो आणि तेलात बुडवतो. मऊ आलेलं पोलाद कडक होऊन घरी जातं. ऐकायला किती सोपं! पण तापमान थोडं कमी पडलं तर वस्तू मऊ राहते आणि जास्त झालं तर तडकते. मऊ राहिलेली पुन्हा तापवता येते. तडकली की तिचं भंगार झालं, मग ती घडवायला कुणाचे दोन दिवस गेले असोत की दोन महिने.

भट्ट्या चार आहेत. एक जमिनीत पुरलेली, गोल आणि खोल, तिला आम्ही विहीर म्हणतो. गिअर तिच्यात टांगून ठेवायचे म्हणजे त्यांची वरची कातडी कडक होते आणि आतला गाभा चिवट राहतो. दुसरी मिठाची. भांडंभर वितळलेलं मीठ, दिसायला शांत, पण ओला तुकडा आत गेला की अंगावर उडतं. आमचे हे म्हणतात की तिचा माझा एकच स्वभाव. तिसरी पेटीची भट्टी, म्हणजे विटांची छोटी खोली, पुढे दार आणि दारात आत बघायला बोटभर भोक. मोठे साचे हिच्यात. चौथी पंख्याची, टेंपरची. कडक झालेली वस्तू हिच्यात दोनशे अंशांवर दोन-तीन तास ठेवायची, म्हणजे तिचा ताठा जरा उतरतो आणि ती काचेसारखी फुटत नाही. हिचं नाव आजीबाई, कारण घाई केलेली हिला अजिबात खपत नाही.

पेटीच्या भट्टीला मीटर आहे. पण माझे सासरे, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते म्हणायचे, "मीटर भट्टी मोजतं गं, तू पोलाद बघ." त्यांनी एक डाळिंबाचा दाणा काढून उन्हात धरला आणि मला दाखवला. साच्याचं पोलाद त्या रंगाचं झालं की थोडा वेळ तसंच धरायचं आणि बाहेर काढायचं. त्याच्या आधी कच्चं, त्याच्या पुढे जळकं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. तेव्हापासून मी मीटरकडे बघितलं ते फक्त पाहुणे आले की.

आता आमची सून. मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" ती म्हणाली, "फारसा नाही, पण कानस चालवता येते." मला ती तिथल्या तिथे आवडली, पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिन्यांनी उगवतो. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सून आमच्या कारखान्यापासून चार दारं सोडून एका टूलरूममध्ये आहे. टूलरूम म्हणजे जिथे साचे घडतात ते ठिकाण. आठ वर्षं तिने भोकं पाडायच्या मशीनवर काढली, मग तिथल्या उस्तादांनी तिला साच्याच्या बाकावर घेतलं. रोज दुपारी ती चहाच्या वेळी आमच्याकडे यायची आणि माझ्या कपातला चहा न विचारता पिऊन टाकायची. मी ओरडायचे. ती म्हणायची, "तुमच्या चहात साखर बरोबर असते, आई."

बाकावर बसल्यावर तिला पहिला साचा मिळाला तो किल्लीचा. पितळेच्या पट्टीतून कोऱ्या किल्ल्या कापून काढायच्या. कुलूपवाल्याचं काम. तिने त्यावर नऊ आठवडे घातले. किल्लीच्या खांद्याशी एक कोपरा होता, काटकोनी, धारदार, तो तिने भिंग लावून एवढ्याशा कानशीने घासून काढला. मग साचा माझ्याकडे आणला. मी तापवला. भोकाला डोळा लावून रंगाची वाट बघत राहिले, आला असं वाटल्यावर बाहेर काढला, तेलात सोडला. चाळीस मोजेपर्यंत सगळं ठीक होतं. मग तेलातून आवाज आला, टक्. एवढाच. आमच्या धंद्यात हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. वर काढला तर साचा त्या कोपऱ्यापासून थेट दुभंगलेला.

आता मी काय केलं ते ऐका, कारण ते सांगायला मला आजही जड जातं. मी ते दोन तुकडे घेऊन तरातरा टूलरूममध्ये गेले आणि उस्तादांसमोर, सगळ्या कामगारांसमोर सुनेला म्हणाले, "आतला कोपरा असा सुरीसारखा ठेवलास तर तडकणार नाहीतर काय होणार? एवढी साधी गोष्ट कळत नाही?" आणि ते लोकांना पटलं, कारण त्यात तथ्य होतं. पोलाद तडकायला सुरुवात होते ती अशाच कोपऱ्यात. सून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं, आई."

त्या दिवसापासून ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागायला लागली. पाणी देऊ का, आई. गरम करून आणू का, आई. दुपारी चहाला येणं बंद. मला कुणी तोंडावर भांडलेलं चालतं, मी दुप्पट भांडते आणि मोकळी होते. पण ही अदब! तिच्याशी भांडायचं कसं?

उस्तादांनी तिला आणखी एक संधी दिली. कुलूपवाल्याला गळ घालून मुदत वाढवून घेतली आणि स्पष्ट सांगितलं की हाही साचा गेला तर काम दुसऱ्या टूलरूमला जाईल आणि ती भोकांच्या मशीनवर परत. तिने पुन्हा पहिल्यापासून साचा घडवायला घेतला. या वेळी तो कोपरा तिने गोल ठेवला, माझ्या बोलण्यामुळे. कुलूपवाला नमुना बघून कुरकुरला. गोल कोपऱ्याची किल्ली कुलपात नीट टेकत नाही, प्रत्येक किल्ली हाताने घासावी लागणार. म्हणाला, चालवून घेतो, पण पुढचं काम देईन की नाही, शब्द देत नाही.

इकडे माझं घरात वेगळंच चाललं होतं. दिवे मंद झाले होते. मी आमच्या ह्यांना तीनदा दिवे बदलायला लावले, आणि प्रत्येक वेळी दुकानदाराच्या नावाने शंख केला. चादरी पिवळट यायला लागल्या म्हणून धोब्याला असं झापलं की तो आठवडाभर फिरकला नाही. तिसरा दिवा बदलून झाल्यावर हे म्हणाले, "मला चष्म्याचा नंबर तपासायचाय, तू सोबत येतेस का?" मी गेले. तिथे गेल्यावर बघते तर डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत ह्यांनी मलाच बसवलं! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकला होता, म्हणून आधी त्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला थोडं थांबायचं होतं. सहा आठवडे भट्टीसमोर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती चादर. पांढरीशुभ्र. त्या धोब्याची माफी मागायला हवी, अजून मागितलेली नाही.

सहा आठवडे कसे काढले ते ह्यांनाच विचारा. सातव्या सोमवारी सकाळी मी कारखान्यात पाऊल टाकलं तेव्हा पेटीच्या भट्टीत कातरीची पाती होती आणि हे मीटर बघून ती तापवत होते. दारातलं भोक अशा जागी आहे की तिथे डावा डोळाच सहज लागतो, एकतीस वर्षं मी तोच लावत आले. पण नव्या डोळ्याची हौस ना! मान वाकडी करून उजवा लावला आणि ओरडले, "अहो, जाळताय का पाती? केव्हाच रंग आलाय!"

"मीटर सातशे सत्तर दाखवतंय," हे म्हणाले.

"मीटरला काय कळतंय डोंबल!" म्हणत मी सवयीने डावा डोळा लावला. आत मळकट विटेचा रंग होता. अजून पंधरा मिनिटं तरी ठेवायला हवीत असा. मी पुन्हा उजवा लावला. डाळिंबाचा दाणा. डावा, वीट. उजवा, डाळिंब. भट्टी तीच आणि पातीही तीच. दहा वेळा तरी केलं असेल. मी बाजूच्या स्टुलावर बसले.

सुनेच्या साच्याच्या दिवशी मी डावा डोळा लावून थांबले होते. रंग येईना म्हणून आणखी थांबले. किती थांबले? वीस मिनिटं? भट्टी वर-वर चढत गेली आणि मी आपली वाट बघत उभी.

"टूलरूममधून आणून मी भंगारात टाकले होते, त्या तुकड्यांचं काय केलंत?" मी विचारलं.

ह्यांनी मागच्या फळीवरून तेलकट फडक्यात गुंडाळलेला साचा काढून आणला. म्हणजे फेकला नव्हता. मी तुटलेली बाजू उजेडात धरली. नीट तापवलेलं पोलाद तुटलं तर आतून मऊ, राखाडी, एकसारखं दिसतं. जळकं असलं तर त्यात चमकते दाणे दिसतात. डाव्या डोळ्याने मला राखाडी दिसलं, त्या दिवशी दिसलं होतं तसंच. उजव्याने साखरेसारखे दाणे दिसले. लखलखत होते मेले. साचा जळाला होता, आणि जळकं पोलाद कोपऱ्यात तडकतं, कोपरा कसाही असला तरी.

"तुम्हाला माहीत होतं," मी ह्यांना म्हणाले.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"डोळे तपासून घे म्हणालो होतो. तू म्हणालीस, आधी तुमचं डोकं तपासून घ्या."

हे खरं होतं. "मग तिला तरी सांगायचं!"

"मी सांगून काय होणार?" हे म्हणाले. "दोष तू दिलास. काढून पण तूच घ्यायला हवास."

इतक्या वर्षांत हा माणूस मला एवढं स्पष्ट बोलला नव्हता. मी दोन दिवस गप्प राहिले. गप्प म्हणजे काय, ज्याच्या-त्याच्या अंगावर खेकसत होते, पण मुद्द्याचं बोलत नव्हते. पुढच्या वेळी सांगू, साचा नीट झाल्यावर सांगू, असं मनाला समजावत होते. म्हटलं, आता डोळा बरा झाला, आता साचा चांगलाच होईल, मग जुनं उकरून काढायची गरज काय? लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

बुधवारी जेवताना सून म्हणाली, "आई, साचा तयार झालाय. मी मोठ्या कारखान्यातल्या निर्वात भट्टीवाल्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, हे पोलाद तेलात विझवावं लागतं, आमच्याकडे वायूने गार करतात, जमणार नाही. दुसरे एक आहेत, त्यांची तीन आठवड्यांची रांग आहे. कुलूपवाल्यांना सोमवारी हवाय." मग ताटाकडे बघत म्हणाली, "म्हणून तुमच्याकडे आणू का? तुमच्या डोळ्यांना चालणार असेल तर."

म्हणजे सगळीकडे विचारून झाल्यावर माझा नंबर. पण तिच्या जागी मी असते तर मी आणखी चार ठिकाणी विचारलं असतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या चहाला मी ते फडकं काखेत मारून टूलरूममध्ये गेले. सगळे बाकाभोवती कप घेऊन उभे होते. उस्ताद म्हणाले, "या काकू, बसा."

"बसत नाही. त्या दिवशी इथे उभी राहून बोलले होते, आजही उभी राहूनच बोलते." माझा आवाज मलाच चिरका वाटला. मी तुकडे बाकावर ठेवले. "हा साचा हिच्या कोपऱ्यामुळे गेला नाही. मी जाळला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, मला रंग दिसत नव्हता, आणि मी मीटरकडे बघितलं नाही, कारण मला मीटरपेक्षा जास्त कळतं अशी माझी ऐट. मग सगळ्यांसमोर हिला बोलले. हिचा कोपरा उत्तम होता. चूक माझी होती."

सुनेने भिंग घेतलं आणि तुटलेली बाजू कितीतरी वेळ बघितली. तिला ते दाणे दिसले असणारच. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, आणि मग ती चिडली.

"चार महिने, आई!" ती म्हणाली. "चार महिने मी रोज इथे येऊन विचार करतेय की मला हे काम येतच नाही. कानस हातात घेतली की परत खाली ठेवायचे मी! आणि घरी तुम्ही समोर बसून जेवताय!" आणखी बरंच बोलली. उस्ताद खिडकीकडे बघत राहिले. मी एक शब्द उलटून बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणा ना. आणि खोटं कशाला सांगू, ती ओरडत होती तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

ओरडून झाल्यावर तिने नाक पुसलं, कपाटातून नवा साचा काढला, बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट आवळला आणि ती एवढीशी तिकोनी कानस हातात घेतली.

"अगं, काय करतेस?" मी घाबरले.

"कोपरा धारदार करते. ड्रॉइंगमध्ये तसाच आहे."

"राहू दे गं गोल! धारदार कोपऱ्यात धोका असतोच, ते काही मी खोटं बोलले नव्हते. एकदा कडक झालं की पुन्हा संधी नाही. किल्ल्या घासतील हाताने, काय मरत नाहीत."

"भट्टी बरोबर असली तर तडकेल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हणाले असते तर मी सुटले असते. "बरोबर असली तर नाही," मी म्हणाले.

"मग बरोबर करा," ती म्हणाली आणि भिंगाखाली वाकली.

घरी जाईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. बरोबर करा म्हणे! कशाने करू? डावा डोळा खोटारडा निघाला. उजवा नवा कोरा, त्याने मी अजून एकही साचा केलेला नाही. मीटर जुनं, ते किती खरं सांगतं हे एकतीस वर्षांत मीच कधी तपासलं नाही. नवीन मीटर मागवलं तर यायला आठवडा. साक्षीदार तीन, आणि तिघांचं तीन ठिकाणी.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी भाजी केली होती आणि नेहमीप्रमाणे मीठ विसरले होते. मी मिठाचा डबा ओढून घेतला, चिमूट उचलली आणि तशीच थांबले. ही पेटीची भट्टी नवीन आली त्या दिवशी सासऱ्यांनी मला घरी पिटाळून मिठाचा डबा आणायला लावला होता. खाण्याचं मीठ आठशे एक अंशांवर वितळतं. ना कमी, ना जास्त. आणि सुनेच्या साच्याच्या पोलादाला लागतात ते आठशेच.

"मीठ," मी म्हणाले.

"घातलं असतं, विसरलो," हे म्हणाले.

"भाजीला नाही हो, भट्टीला!"

"मिठाच्या भट्टीत भांडंभर आहे की."

"ते भेसळीचं, ते कमी तापमानालाच वितळतं. हे हवं." मी सगळं समजावून सांगितलं. सून घास हातात धरून ऐकत होती. तिने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. उरलेली भाजी आम्ही अळणीच खाल्ली.

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही साचा भट्टीत ठेवला. कोपरा तिने आदल्या दिवशीच पुरा केला होता. शेजारी साच्याच्याच जाडीचा भंगारातला एक तुकडा ठेवला आणि त्याच्यावर चिमूटभर मीठ. जाडी सारखी, म्हणजे दोघं सारखेच तापणार. भट्टी हळूहळू चढवली.

"तू बघ," मी सुनेला म्हणाले आणि भोकापासून बाजूला झाले. सासरे गेल्यापासून त्या भोकाला माझ्याआधी कुणी डोळा लावला नव्हता.

"दाणे दिसताहेत," ती म्हणाली. मीटर सातशे तीस. सातशे पन्नास. "अजून दाणे आहेत." सातशे साठ. हे हातातल्या फडक्याला उगाच पीळ घालत होते. सातशे सत्तर. "थांबा... कडेचे ओले झाले. आई, पाणी झालं! सगळं मीठ वितळलं!"

मीटर सातशे बहात्तर दाखवत होतं. म्हणजे तेही तीस अंशांनी खोटं. मी भोकाशी गेले. आधी डावा डोळा लावला. मळकी वीट, आणि मला सवयीने वाटलंच की अजून थांबावं. मग उजवा लावला.

काय सांगू तुम्हाला! उन्हात धरलेला डाळिंबाचा दाणा. सासऱ्यांच्या बोटांत होता अगदी तोच, तेवढाच लाल, तेवढाच स्वच्छ. गेल्या कित्येक वर्षांत मी हा रंग बघितलाच नव्हता आणि मला पत्ताच नव्हता. मला एकदम रडू आलं. सून म्हणाली, "आई, डोळ्यावर ताण नका देऊ," आणि मी म्हणाले, "गप बस, मला बघू दे."

आम्ही भट्टी तिथेच धरून ठेवली, अर्धा तास, साचा गाभ्यापर्यंत सारखा तापावा म्हणून. मग ह्यांनी दार उघडलं, आम्ही दोघींनी दोन बाजूंनी चिमटे लावून साचा उचलला आणि सरळ उभा तेलात सोडला. धूर उठला. ह्यांनी रेडिओ बंद केला, मग पंखाही बंद केला.

मी मनात मोजायला लागले. वीस. तीस. सून माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला होता, हातमोजा न काढताच, आणि असा आवळला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं. चाळीस. त्या दिवशी आवाज आला होता तो याच आकड्याला. पन्नास. तेल बुडबुडत होतं आणि बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तर ती ऐकून आम्ही तिघंही दचकलो. साठ. ऐंशी. शंभरपर्यंत मोजलं आणि मग माझं मोजणं चुकायला लागलं.

साचा हाताला सोसेल इतका कोमट झाल्यावर बाहेर काढला आणि तडक आजीबाईंच्या स्वाधीन केला. तीन तास. ते तीन तास सून फरशी झाडत होती, मी आधीच झाडलेली.

दुपारी चारला साचा बाहेर आला. गार झाल्यावर ह्यांनी तो रॉकेलमध्ये बुडवला, पुसून कोरडा केला आणि वर खडूची पूड फासली. कुठे केसाएवढी चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ उमटवतं. आम्ही डोकी एकमेकांना लावून वाकलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कोपरा पांढराच राहिला. सगळा साचा पांढरा, त्या चादरीसारखा. मग ह्यांनी कडकपणा मोजायच्या यंत्रावर साचा ठेवला आणि एकेक आकडा वाचला. "साठ. एकसष्ट. साठ." साठच्या आसपासच आकडा हवा होता.

सून तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. "माझा बाक राहिला," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. मग हसायला लागली, तोंडावर तेलाचा काळा पट्टा होता तिच्या, तो हाताने पुसून आणखी पसरवला.

हे चहा घेऊन आले, नेहमीसारखे दोनच कप, कारण चार महिने दोनच लागत होते. मी माझा कप बाजूला ठेवला, साचा मांडीवर घेतला आणि खडू पुसला. करंगळीचं नख त्या कोपऱ्यात घातलं. ते कुठेही न अडकता थेट टोकापर्यंत गेलं.

"कोपरा चांगला झालाय," मी म्हणाले.

"माहितेय मला," सून म्हणाली. आणि हात लांब करून माझा कप उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.